बिनदगडाच्या गावातून

आमच्या गावात दगड नाही. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, वाढलेल्या कोणालाही विचारून पाहा. विहीर खोदा, शेततळं खोदा, घराचा पाया खोदा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी माती आणि तिच्याखालीही मातीच. रस्त्यावर मुरूम टाकायचा तर तो ट्रकने बाहेरून येतो. लहानपणी अंगावर येणाऱ्या कुत्र्याला हाकलायला आम्ही वाळलेलं ढेकूळ उचलायचो, कारण उचलायला दुसरं काही नव्हतंच. घरात दगड म्हणावे असे दोन: आजीचं जातं आणि पाटा-वरवंटा. जातं तिच्या लग्नानंतर बैलगाडीतून आलं, हे ती अजून सांगते. जात्याला टाकी लावायला, म्हणजे त्याचं तोंड छिन्नीने खरबरीत करायला, पाथरवट यायचा तेव्हा गल्लीतली सगळी पोरं भोवती जमायची.

अशा गावातून मी अमरावतीला बी.एस्सी.ला गेले आणि भूशास्त्र घेतलं. आजी म्हणाली, "दगडं शिकाले अमरावतीले जाते काय माय? दगडं का शाळेत असतेत?"

तिचा प्रश्न पहिलं वर्षभर खराच ठरला. प्रयोगशाळेतल्या लाकडी खोक्यांत चिठ्ठी चिकटवलेले तुकडे असत. मला ते ओळखता यायचे, पण ते कुठून आले, जमिनीत कसे बसले होते, हे डोळ्यांपुढे येत नव्हतं. म्हणून दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला विभागाच्या फळ्यावर सूचना लागली, तेव्हा मी दुपारच्या सुट्टीतच नाव देऊन आले. पाच दिवसांचं शिबिर, तीन दिवस लोणार आणि दोन दिवस चिखलदरा. सकाळी संवर्धनाचं श्रमदान, दुपारनंतर लाव्ह्याचे खडक पाहायचे.

नाव देणं सोपं होतं, घरून सही आणणं अवघड. डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. बाबांनी संमतीपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पाच दिवस वेचणीले एक माणूस कमी." रागावून नाही, हिशेब म्हणून. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी सही केली. ते पाच दिवस आईने माझ्या वाटच्या तासांचाही कापूस वेचला. ही गोष्ट मी शिबिरात एक दिवसही विसरले नाही आणि इथे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

निघण्याआधी मॅडमनी दोन तास बसवून सगळं समजावलं. धनुर्वाताची सुई घेतल्याचा कागद आणायचा. जाड तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, दोन लिटर पाणी, भिंग, जाड पुठ्ठ्याची वही. लोणारचं विवर अभयारण्य आहे, २००० साली तसं जाहीर झालं आणि २०२० मध्ये सरोवराला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. म्हणून आत शिरण्याची आणि काम करण्याची परवानगी वनविभागाकडून आधीच घेतलेली होती. आत गेल्यावर एकही दगड खिशात घालायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही, साबण काढायचा नाही. भूशास्त्राच्या मुलांना "दगड उचलू नका" सांगणं म्हणजे काय, हे आमचं आम्हाला ठाऊक. पण एकानेही हा नियम मोडला नाही, आणि त्याचा मला आजही आनंद वाटतो.

कारंजा, मालेगाव, मेहकर अशी आमची बस गेली. मालेगाव मागे पडल्यावर रस्ता एका टेकाडातून कापून काढला होता, तिथे मॅडमनी बस थांबवली. मी आयुष्यात पहिल्यांदा कापलेल्या जमिनीची उघडी भिंत पाहिली. खाली काळा घट्ट दगड, त्यावर भोकाभोकांचा ठिसूळ दगड, त्यावर विटेच्या रंगाची हातभर जाडीची पट्टी, आणि वर पुन्हा काळा दगड.

"ज्वालामुखी कुठे आहे मॅडम?" एकाने विचारलं. आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात शाळेच्या पुस्तकातलं ते टोकदार डोंगराचं चित्र होतं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही ओलित करता ना? दांड फुटला तर पाणी काय करतं?"

पाणी वावरभर पसरतं. इथे तसंच झालं होतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला आणि सपाट पसरत गेला. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो भाग भोकाभोकांचा. मधल्या काळात थराचा वरचा भाग कुजून त्याची माती झाली, ती मातीच ती लाल पट्टी. लाल पट्टी दिसली की समजायचं, इथे एका लाव्ह्यानंतर दुसरा यायला बराच वेळ गेला. आज उरलेला हा सगळा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे ती कमी कमी होत नागपूरच्या आसपास संपते. नागपूरची सीताबर्डीची टेकडी याच दगडाची.

मी त्या लाल पट्टीवर बोट ठेवलं. बोट लाल झालं. बसमध्ये बसल्यावर बराच वेळ मी ते पुसलं नाही.

लोणारला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काठावरून पहिल्यांदा खाली पाहिलं तेव्हा बोलायला काही सुचलं नाही. जवळपास १८०० मीटर रुंदीची एक गोल वाटी, आत झाडीचं कडं आणि मधोमध हिरवट पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. मी तेव्हा शाळेत होते, टाळेबंदी होती आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तेच फोटो फिरत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केल्यावर कळलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता.

मॅडमनी आम्हाला काठावर बसवलं आणि म्हणाल्या, "हे ज्वालामुखीचं तोंड नाही." काही जणांचे चेहरे उतरले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ अभ्यासक याला ज्वालामुखीचंच विवर समजत होते. मग तळाशी खोल छिद्रं पाडून खडक वर काढले. प्रचंड दाबाखालीच बनणारी मॅस्केलिनाइट नावाची काच त्यांत सापडली. लाव्ह्याच्या साध्या उद्रेकात तेवढा दाब येत नाही, तो आकाशातून येऊन आदळणारी वस्तूच देऊ शकते. १९७३ मध्ये हे छापून आलं. आदळण्याची घटना कधीची, यावर मात्र अजून मतभेद आहेत. एका मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीत सुमारे ५ लाख ७० हजार. इतका मोठा फरक शास्त्रात उघडपणे मांडून ठेवलेला असतो, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

मग ज्वालामुखीचे खडक पाहायला इथे का आणलं? कारण लाव्ह्याचे थर एरवी जमिनीत आडवे दडलेले असतात, आणि इथे एका धक्क्याने ते उघडे पडले. काठावर तर ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत. वाकवलेल्या वहीची पानं दिसतात तसे. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांचा कल मोजला. दगडाजवळ नेलं की होकायंत्राची सुई मध्येच भरकटायची, कारण या दगडात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं. तळाच्या वाळूत चुंबक फिरवला की काळ्या कणांची दाढी त्याला चिकटून यायची. मॅडमनी सुईवर भरवसा न ठेवता सूर्य आणि नकाशा वापरून दिशा ठरवायला लावली, आणि तिथे माझी दोन पानं चुकली ती पुन्हा लिहावी लागली.

आता श्रमदानाचं.

आमचं काम होतं वेड्या बाभळीचे कोंब काढणं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणलं गेलं. शेंगा गोड असतात, गुरं-शेळ्या आणि नीलगाई त्या खातात आणि शेणा-लेंड्यांतून बिया जातील तिथे पडतात. दाट वाढलं की त्याच्याखाली दुसरं काही धड येत नाही. वनविभागाने मोठी झाडं काढलेल्या एका उतारावर बुंध्यांतून पुन्हा फुटवे आले होते, ते आमच्या वाट्याला आले. सहा-सहा जणांचे गट, प्रत्येक गटासोबत एक मजूर मावशी किंवा दादा.

पहिल्या सकाळी सात वाजता सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली तेव्हा वाटलं, मी शेतकऱ्याची मुलगी, मला काय शिकवायचं. अर्ध्या तासात कळलं की पुष्कळ शिकायचंय. आधी बेचक्याच्या काठीने काटेरी फांद्या एका बाजूला दाबून धरायच्या. मग कुऱ्हाडीने फांद्या उतरवायच्या आणि त्यांचे शेंडे एकाच दिशेला ठेवायचे, नाहीतर वाहून नेताना काटे दोन्हीकडून लागतात. नंतर बुंध्याभोवती टिकासाने, म्हणजे टिकावाने, गोल खणायचं. जमिनीच्या वरून कितीही तोडलं तरी हे झाड मरत नाही, कारण त्याचे डोळे मातीखालच्या बुडख्यात असतात. म्हणून वीतभर तरी खाली जाऊन, तो जाड भाग संपतो तिथे मुळावर घाव घालायचा. एका बुडख्याला कधी पंधरा मिनिटं लागायची, कधी तास.

तास का लागतो, याचं उत्तर मला खणताना मिळालं. जिथे खाली मुरूम होता तिथे मूळ सरळ खाली गेलेलं असायचं आणि टिकास सहज शिरायची. जिथे अखंड काळा दगड होता तिथे मूळ भेगेत घुसून चपटं झालेलं, पट्ट्यासारखं. ते कुऱ्हाडीला सापडायचंच नाही, सब्बलीने भेग रुंद करावी लागायची. तिसऱ्या-चौथ्या बुडख्यानंतर मी खणण्याआधीच आजूबाजूचा दगड पाहायला लागले. भोकाभोकांचा असेल तर मीच टिकास घ्यायची, घट्ट असेल तर आमच्यातल्या दणकट मुलाला सब्बल द्यायची. दगड वाचणं दुपारच्या तासाला ठेवलं होतं, पण खरं सांगायचं तर मी ते सकाळच्या घामात शिकले. एका बुडख्याखालून निघालेल्या दगडातली भोकं पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली होती. लाव्हा निवल्यानंतर पाण्याने ती खनिजं आत आणून सोडलेली असतात. प्रयोगशाळेतल्या खोक्यात त्याच्यावर "झिओलाइट" अशी चिठ्ठी असते. इथे ते मुळाच्या तंतूंना धरून बसलं होतं. भिंगातून पाहून मी तो दगड होता तिथेच ठेवला.

दुसऱ्या सकाळी माझ्या हातून चूक झाली. एक कमरेएवढं रोप होतं, काटेरी, बारीक पानांचं. मी विचार न करता ते मुळासकट काढलं. आमच्या मावशी मागून आल्या, हातातलं रोप पाहून थांबल्या.

"हे काऊन काढलं बाई? हे देशी व्हय. आपली बाभूय."

मला कळेना काय बोलावं. त्यांनी दोन फांद्या शेजारी धरून दाखवल्या. वेडीच्या पानाला थोड्याच जोड्या आणि त्यांची पातं लांबट, देशीचं पान दाट आणि बारीक. देशीचा काटा पांढरा, सरळ, लांब. फूल आलं असतं तर प्रश्नच नव्हता, देशीचं फूल पिवळा गोल गोंडा आणि वेडीचा लोंबता तुरा. "आन् नाईच वयखता आलं तं बकरीपुढं टाकून पाय," त्या म्हणाल्या. "बकरी येडीच्या पाल्याले तोंड लावत नाई."

ज्या झाडांना जागा मिळावी म्हणून आम्ही आलो होतो, त्यांतलंच एक मी उपटलं होतं. मावशींनी लगेच खड्डा मोकळा केला, रोप परत उभं केलं, बाटलीतलं पाणी घातलं. "लागलं तं लागलं," एवढंच म्हणाल्या. मोठी मुळं तुटली होती, ते लागणार नाही हे त्यांनाही माहीत असावं. तेव्हापासून प्रत्येक रोपापाशी मी गुडघ्यावर बसून पान बोटांत धरून पाहिलं, मगच टिकास उचलली. वेग निम्म्यावर आला. दोन सकाळींत आमच्या गटाने त्रेचाळीस बुडखे काढले, शेजारच्या गटाने साठच्या वर. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मावशींनी भाकरीवर मिरचीचा ठेचा दिला आणि माझ्या गावाचं विचारलं. मी सांगितलं, खारपाणपट्टा. त्यांना माहीत होता, त्यांची नणंद तिकडेच दिली आहे. मग मी जे दोन दिवस मनात होतं ते बोलले. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं आहे, ओलित फारसं होत नाही, आंबा-चिंच जगत नाही. धुऱ्यावर आणि नाल्याकाठी जे आपोआप उभं राहतं ते हेच झाड. आजीची चूल त्याच्यावर पेटते. गॅस असला तरी अंघोळीचं पाणी अजून याच काट्यांवर तापतं. ज्या झाडाला इथे आम्ही शत्रू म्हणून खणतोय, त्याच्या कोळशावर मी लहानपणी वांगं भाजून खाल्लंय.

मावशी म्हणाल्या, "मंग इथंबी पाय ना." त्यांनी उताराच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. परवानगीने बाहेर काढलेल्या फांद्यांच्या मोळ्या बांधून बाया घरी नेत होत्या. "चुलीले चांगलं. पन या गड्ड्यात नको. इथं आपली झाडं पायजेत."

यावर मी पुष्कळ विचार केला. झाड तेच आहे. आमच्याकडची जमीन वेगळी, पाणी वेगळं, गरज वेगळी. शिबिराच्या पत्रकात वेड्या बाभळीबद्दल चार ओळी होत्या आणि त्या चारही ओळी तिला दूषणं देणाऱ्या होत्या. पुढच्या पत्रकात ही बाजूही यावी असं मी मॅडमना लेखी दिलं. त्यांनी मलाच ती चार वाक्यं लिहायला सांगितली. आमच्या कामाबद्दलची दुसरी शंकाही मी मांडली. पावसाळ्यात फुटवे पुन्हा आले तर या दोन सकाळींचा काय उपयोग? तेव्हा ठरलं की प्रत्येक बुडख्याची जागा वहीत नोंदवायची आणि पाऊस स्थिरावल्यावर त्याच गटांनी परत येऊन पाहायचं. आमच्या वहीत त्रेचाळीस नोंदी आहेत, आणि त्या उपटलेल्या देशी बाभळीची चव्वेचाळिसावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी कचरा वेचला. धार नावाच्या झऱ्याच्या परिसरात आणि कमळजादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर प्लास्टिक, जुने कपडे, फुटक्या फ्रेमांतले देव. अकरा पोती भरली.

धारेपाशी मात्र मी रेंगाळले. गोमुखातून गोडं पाणी सतत पडत असतं आणि खाली शे-दीडशे मीटरवर ते खारं सरोवर. गोड्या पाण्याचं कारण पुन्हा थरांत आहे. वरच्या भोकाभोकांच्या, कुजलेल्या खडकात पावसाचं पाणी मुरतं, खालचा घट्ट थर त्याला पुढे जाऊ देत नाही, मग ते आडवं सरकत जिथे कडा उघडी आहे तिथे बाहेर येतं. सरोवराला मात्र बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. पूर्वी हे क्षार काढून विकत असत, प्रतीप्रमाणे त्यांना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावं होती. गावाच्या नावातच लवण आहे. दैत्यसूदनाने मारलेल्या लवणासुराची गोष्ट तिथल्या लहान मुलालाही पाठ असते.

संध्याकाळी मॅडमनी परवानगीने घेतलेली पाण्याची एक छोटी बाटली काढली. सरोवराच्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो हे त्यांनी सांगितलं होतं, पण त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरातून हळद आणा. वाटीत चिमूटभर हळद, त्यावर सरोवराचं पाणी. पिवळ्याचं क्षणात लाल झालं, अगदी कुंकवासारखं. हळद-चुन्यापासून कुंकू करतात तेव्हा घडतं तेच. शेजारच्या वाटीत धारेचं पाणी घातलं, तिथे हळद पिवळीच राहिली. आम्ही वीस-बावीस जण त्या दोन वाट्यांभोवती वाकून उभे होतो आणि कोणी मोबाईलही काढला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे चिखलदऱ्याकडे निघालो. अकोला ओलांडलं आणि जमीन सपाट झाली. मला बाहेर न पाहताही कळलं, कारण बसचा आवाज बदलतो आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला आमच्या मातीचा वास असतो. दर्यापूरकडच्या रस्त्याला लागलो तसं मी मॅडमना म्हटलं, "इथून पुढे दगड नाही."

त्या म्हणाल्या, "आहे. खूप खाली आहे." मग बसमधल्या सगळ्यांना वळवून त्यांनी सांगितलं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याने एक मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतली मोठी भेग, जातो. त्याच्या अलीकडची जमीन खाली खचली, पलीकडची गाविलगडची रांग उंच राहिली. खचलेल्या भागात पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला, शेकडो फूट जाडीचा. लोणारला पाहिलेला तोच काळा दगड आमच्या वावराखालीही आहे, या गाळाखाली बुडालेला.

आमच्या गावाचा फाटा आला. बस थांबली नाही. रस्त्याच्या कडेच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या, ओटीत कापूस भरलेला. आमचं वावर आत आहे, तिथून दिसत नाही. तरी मी उभी राहून पाहिलं.

परतवाडा सोडून घाट लागला आणि दगड परत आला, कापलेल्या कड्यात थरावर थर. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ पायरी. चिखलदऱ्याच्या कड्यांकडे पाहिलं की तो शब्द का आला ते कळतं. घट्ट थर उभे राहतात, मऊ थर झिजून मागे सरतात आणि डोंगराला पायऱ्या पडतात. इथे अकराशे मीटर उंचीवर थंडी इतकी होती की पहिल्या रात्री मी लिहिलेली अक्षरं मलाच नीट लागत नाहीत.

चिखलदऱ्याचं काम रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं. कोरकू तरुणांनी एक पद्धत दाखवली. झुडूप जमिनीखाली मुळाच्या डोक्यापाशी तोडायचं, उपटून उलटं करायचं आणि मुळं आभाळाकडे करून ठेवून द्यायचं. मातीला लागलं तर ते पुन्हा जीव धरतं. पाखरं बिया टाकतात म्हणून मोठ्या झाडांखाली नवी रोपं शोधायची. वेड्या बाभळीपेक्षा हे सोपं होतं, पण वासाने डोकं धरलं.

शेवटच्या दुपारी गाविलगडावर गेलो. १५ डिसेंबर १८०३ रोजी हा किल्ला आर्थर वेलस्लीच्या सैन्याने भोसल्यांकडून घेतला. आम्ही गेलो तोही डिसेंबरच. त्या इतिहासाचा एक गट वेगळा होता, मी त्यात नव्हते. मी दक्षिणेच्या तटावर जाऊन बसले. तटाचे दगड काळे, डोंगराचेच. खाली वऱ्हाडचं मैदान धुरकट पसरलेलं, शेवट नसल्यासारखं. नकाशा मांडीवर घेऊन आमचं गाव कुठे असेल ती दिशा काढली. यावेळी सूर्यावरून काढली, आणि मॅडमनी तपासली तेव्हा बरोबर निघाली. तिकडे पाहताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. मी बसले आहे तो थर आणि आजीच्या घराखालचा थर एकाच लाव्ह्याच्या राशीतले आहेत, मध्ये फक्त जमीन खचली आहे.

परत आल्यावर दोन दिवसांची सुट्टी होती, मी गावी गेले. हाताला फोड, बुटाच्या तळातून घुसलेल्या काट्याने पाय सुजलेला. आजीने आधी पाय पाहिला, मग चुलीत काटक्या सारल्या. वेड्या बाभळीच्याच. पाणी ठेवलं. "कोन्ता दगड आनला?" तिने विचारलं. मी म्हटलं, आणायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणीला जाण्याआधी मी कोपऱ्यातल्या जात्यावरचं पोतं काढलं. वरची पाळ बाजूला करायला आईला बोलवावं लागलं. आतल्या तोंडावर वर्षानुवर्षांच्या पिठाची साय होती, ती ओल्या फडक्याने पुसली आणि भिंग लावलं. काळा दगड. बारीक भोकं, टाकीच्या खुणांच्या मधून मधून. काही भोकं रिकामी, काहींत पीठ बसलेलं. आणि एका भोकात पीठ नव्हतं, नखाने खरवडलं तरी निघेना. पांढरा, चमकणारा, आतून काठाला धरून वाढलेला स्फटिक.

"आजी, इकडं ये," मी म्हटलं. ती आली, खाली बसली. मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने आधी ते उलटं धरलं, मग बरोबर धरलं आणि जात्यावर वाकली.